तिसऱ्या पाळीतला कॅरम

रविवार, नऊ नोव्हेंबर. चहा झाल्याबरोबर शिडी लावली आणि माळ्यावरून जुना कॅरम बोर्ड खाली काढला. दुपारी चारला सगळे येणार होते. त्याआधी बोर्ड पुसून, उन्हात टेकवून, पावडर टाकून तयार व्हायला हवा होता.

नेहमीचा विकतचा बोर्ड हॉलमध्येच असतो. पण आज जुना हवा, असं वैशाली, संतोष आणि मी, लहानपणापासून एकत्र खेळणाऱ्या तिघांनी मिळून ठरवलं होतं, कारण आज छाया येणार होती. श्रावणात तिला झटका आला आणि तिचं बोलणं गेलं. त्यानंतर ती घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. नवऱ्यानं कसंबसं मनवून या रविवारी आणायचं कबूल केलं होतं. आम्हाला तिघांनाही एकच काळजी होती. आज तिचं मन लागलं नाही, तर ती परत या टेबलाशी बसणार नाही. छाया एकदा नाही म्हणाली की नाही. तेवढं तर बोलता येत असतानापासून माहीत आहे.

बोर्ड कूलरच्या मागं चादरीत गुंडाळलेला होता. एका कोपऱ्याला जाळं, फ्रेमला एक फट, बाकी ठणठणीत. माझं चिखलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे, त्यामुळे पॅकिंगच्या मालाचं आयुष्य किती असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. हा बोर्ड पॅकिंगच्या लाकडाचाच. बाबांच्या कंपनीत बाहेरून कुठलंसं मशीन आलं होतं, त्याच्या पेटीच्या फळ्यांतून तिथल्या सुतारानं बनवून दिलेला. उलटा केला की मागच्या बाजूला अजून काळ्या शाईत छत्री आणि काचेचा पेला दिसतो. खिशांना जाळी नाही. आईनं तिच्या लाल लुगड्याचे तुकडे शिवून लावले होते, ते तसेच आहेत. फडकं फिरवायला खाली वाकले आणि त्या कापडाचा वास आला. बोरिक पावडर, रॉकेल आणि दुपारची झाकलेली, बंद खोली.

फडकं हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले. हे माझ्याकडून सहसा होत नाही.

माझ्या लहानपणी ऋतू तीनच होते. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि तिसरी पाळी. ऊन, थंडी, पाऊस त्यांच्या आत कुठंतरी येऊन जायचे. बाबा फोर्जिंगला होते. दर आठवड्याला त्यांची पाळी बदलायची आणि तिच्याबरोबर आमच्या घराचे वास, आवाज, जेवायच्या वेळा, आईचा चेहरासुद्धा बदलायचा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटे स्टोव्हच्या आवाजानं जाग यायची आणि संध्याकाळी बाबा दारात उभे राहिले की आधी तापलेल्या लोखंडाचा वास आत यायचा. दुसऱ्या पाळीत सकाळी बाबा घरी असायचे, मला सायकलवरून शाळेत सोडायचे. रात्री मात्र त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि आम्ही त्या ताटाकडे बघत जेवायचो.

तिसऱ्या पाळीत घर मुकं व्हायचं.

रात्रभर घणाशेजारी उभा राहिलेला माणूस सकाळी येऊन मधल्या खोलीत झोपायचा. दुपार कलेपर्यंत त्याला उठवायचं नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा कायदा. देवधर्मापेक्षाही मोठा. आकुर्डीतली आमची बैठी घरं म्हणजे एकमेकांना पाठ लावून बसलेली रांग. बाहेरची खोली, मधली खोली, मागं स्वयंपाकाची पडवी. त्या आठवड्यात आई कुकर लावत नसे. फोडणी देत नसे, कारण मोहरी तडतडते. सात दिवस आम्ही साधं वरण खायचो आणि आजही बिनफोडणीचं वरण पुढं आलं की माझा आवाज आपोआप खाली जातो. नळाला ती जुनं फडकं बांधायची, म्हणजे पाणी फडक्यावरून बादलीत गुपचूप उतरायचं. भाजीवाला आमच्या दारासमोर आला की ओरडायचं थांबवायचा आणि चार घरं पुढं गेला की राहिलेली मेथी जोरात पुकारायचा.

अशा आठवड्यात, तेही मे महिन्याच्या सुट्टीत, बाहेर ऊन रटरटत असताना, चार पोरांनी खेळायचं कसं? बोर्ड तर आमच्याकडेच होता.

आम्ही मुका कॅरम शोधून काढला.

बोर्डाखाली दोन गोधड्यांच्या घड्या. खिशात सोंगटी पडली तर लुगड्याच्या कापडात पडायची, आवाज नाही. जोरात मारायचं नाही. त्यामुळे आमच्या खेळात सुरुवातीचा फटकाच नव्हता. ज्याची पाळी असेल त्यानं डोळे मिटून, हातानंच सोंगट्या पसरायच्या. त्यानंतरचा सगळा खेळ बोटाच्या टोकानं. स्ट्रायकर ढकलायचा, मारायचा नाही. पुढं कॉलेजात स्पर्धेला उतरले तेव्हा समोरच्या मुलीनं पहिल्याच फटक्याला अर्ध्या सोंगट्या खिशात घातल्या आणि मी दचकून मागं बघितलं, कोणी उठलं तर नाही ना म्हणून.

खुणा वैशालीनं ठरवल्या. ती शेजारच्या घरातली, तेव्हापासूनच नियमांची. बोर्डाच्या कडेवर बोट टेकवलं म्हणजे तुझी पाळी. कानाची पाळी ओढली म्हणजे फाउल. डोक्यावर तळवा म्हणजे राणी गेली, आता कव्हर दे. ओठावर बोट म्हणजे अर्थातच गप्प. चौथा संतोष, मूळ गावातला. त्यांची आकुर्डीत शेती होती, म्हशी होत्या, घरात सगळे मोठ्यानं बोलायचे. तो आमच्याकडे यायचा तेव्हा दारातच चपला हातात घ्यायचा.

आणि छाया. समोरच्या रांगेतली. तिचे आईवडील परभणीकडचे, वडील दुसऱ्या कंपनीत हेल्पर. बोलणं हेच छायाचं खेळणं होतं. कॅरम, पत्ते, सागरगोटे ही सगळी तिला बोलायला निमित्तं. तिला गप्प बसवणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण दाबून धरणं. सोंगटी काठावर थांबली की ती फ्रॉकचा कोपरा तोंडात कोंबायची. डोळ्यांतून पाणी यायचं, कान लाल व्हायचे. फारच झालं की हात वर करायची, म्हणजे थांबा. मग पायांच्या चवड्यांवर बाहेर जायची, रांगेच्या टोकाला पाण्याची टाकी होती तिच्या मागं उभी राहायची आणि साठलेलं सगळं तिथं ओरडून यायची. आम्ही आत खेळ थांबवून बसलेलो. लांबून, उन्हातून, तिचा आवाज बारीक ऐकू यायचा.

"लई लबाड हाय हा संतू! अंगठ्यानं ढकलली! म्या पाहिलं ना!"

मग शांत चेहऱ्यानं परत येऊन आपल्या जागी बसायची. बोर्डाच्या कडेला बोट. चला, पाळी कोणाची?

दुपार उतरली की मधल्या खोलीतून बाबांचा खोकला यायचा. एक खोकला, आणि घराला आवाज फुटायचा. मागं आई त्याच क्षणी कढईत मोहरी टाकायची, नळाचं फडकं निघायचं, बादली खणखणायची, हिंगाचा वास सगळ्या खोल्यांतून पळत सुटायचा. बाबा बनियनवर बाहेर येऊन उंबऱ्यावर बसायचे. डोळे सुजलेले, हातात चहा.

"काय छायाबाई, आज काय काय झालं?"

"काका, काय सांगू तुमाला! राणी अशी काठावर. अशी! फुंकर मारली तर पडंल. आन् ही तुमची मुकी, हिनं काय करावं? सोडून दिली! म्हणली, आवाज होईल!"

"मग बरोबर केलं की."

"काय बरोबर? काका, तुमी एक दिवस झोपू नका ना. तुमच्या झोपेपायी माझी राणी गेली."

बाबा हसायचे. चहा सांडायचा. ते झोपलेले असताना झालेला सगळा खेळ छाया त्यांना पहिल्यापासून सांगायची, जो आम्ही खेळलो होतो त्याहून पुष्कळ चांगला. माझ्या खेळातले हुशारीचे फटके मला तिच्या तोंडून कळायचे. मला ती तेव्हापासून मुकी म्हणते. म्हणायची.

एका दिवाळीला बोनसमधून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. पिवळ्या कॅसेटी, दोन रिमोट, लांब वायरी. एका कॅसेटीत रणगाडे होते, एकीत गाड्यांची शर्यत. तोही तिसऱ्या पाळीत आवाज शून्यावर ठेवूनच. बटणांचा टकटकाट होतो म्हणून हात गोधडीखाली घेऊन खेळायचो. रणगाडे फुटायचे, गाड्या उलटायच्या, सगळं एखाद्या काचेपलीकडे घडल्यासारखं. टीव्ही बघायला आवाज लागायचा, पण खेळाला आवाज असतो हे आम्हाला सुचलंच नव्हतं. बाबा उठेपर्यंत आमचा खेळ झालेला असायचा, आणि इतर पाळ्यांत आवाज वाढवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. सवय.

मग संतोषच्या चुलत भावाकडे पिंपळे सौदागरला गेलो. तेव्हा तिथं ज्वारी उभी असायची, आता वैशालीचा टॉवर आहे. त्यांच्याकडेही तोच गेम. त्यानं कॅसेट लावली आणि त्यातून टिंगटिंग असं गाणंच सुरू झालं. शर्यत संपेपर्यंत थांबेना. वैशाली घाबरून म्हणाली, "बिघडलाय. बंद करा, नाहीतर टीव्ही जाईल." संतोषनं खरंच उठून प्लग काढला.

"आरं येड्या, तो असाच वाजतो," चुलत भाऊ ओरडला. "तुमचा वाजत न्हाई का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. छाया तोंड उघडं टाकून टीव्हीसमोर उभी होती.

"अगं," ती मला म्हणाली, "हे बोलतंय."

परत येताना धूळ होती, सायकली होत्या, कोणाच्या तरी मळ्यातला भिजलेल्या मातीचा वास होता, आणि छाया ते टिंगटिंग तोंडानं वाजवत होती. घर येईपर्यंत. आमच्या रांगेच्या तोंडाशी आल्यावर तिनं सवयीनं तोंड मिटलं. बाबा पहिल्या पाळीला होते, घरात कोणी झोपलेलं नव्हतं, तरीही.

रिटायर झाल्यावर बाबांना दुपारी झोप येईना. कूस बदलायचे, पंख्याकडे बघायचे. मला म्हणायचे, "फार शांत आहे गं. त्या पोरांना बोलाव, खेळा जरा." पोरं तेव्हा लग्न होऊन आपापल्या घरी होती. मी त्यांना रेडिओ लावून द्यायची.

मधली वर्षं कामात गेली. त्यात आठवण्यासारखं फार नाही आणि जे आहे ते इथलं नाही. मुलं मोठी झाल्यावर आम्ही चौघं पुन्हा भेटायला लागलो. सगळे याच पट्ट्यात होतो, कोणी गेलंच नव्हतं. वैशाली शाळेत शिकवते. संतोष चाकणला मेंटेनन्सला आहे आणि अजून पाळ्या करतो. छाया बसमध्ये कंडक्टर. दर रविवारी, संतोषची पाळी सांभाळून, माझ्याकडे. माझं घर सोयीचं आणि मला कोणाला विचारावं लागत नाही.

आता कोणी झोपलेलं नव्हतं. संतोषनं मुलीचा जुना गेमचा डबा आणून माझ्या टीव्हीला जोडला आणि पहिल्याच दिवशी छायानं आवाज पूर्ण वाढवला. वैशाली दुकानातून मोठमोठ्या खोक्यांतले खेळ आणायची. लाकडी घरं, मेंढ्या, जहाजं, आणि बरोबर नियमांचं पुस्तक. ते ती वर्गात वाचावं तसं वाचायची.

"एवढे नियम तर आमच्या डेपोत नाहीत गं बाई," छाया म्हणायची. "मला फक्त सांग, कोणाची मेंढी खायची?"

"मेंढी खायची नसते. तिच्या बदल्यात वीट घ्यायची."

"मटणाच्या बदल्यात वीट? कोण देतं गं? संतूराव, तुमच्या गावात चालतं का असं?"

"आमच्या गावात जमिनीच्या बदल्यात फ्लॅट दिला," संतोष म्हणायचा. "त्यापेक्षा हे बरं हाय."

शर्यतीच्या गेमला तर ती खुर्चीवर बसायचीच नाही. टीव्हीसमोर उभी राहून गाडी तिसऱ्याच कोणाची का असेना, हिचंच चालू. "पुढं सरका, पुढं सरका! ओ मुकीबाई, ब्रेकवर पाय ठेवून शर्यत करायची अस्ती का? मागून बस आली, बस आली, गेली! उतरा आता, शेवटचा स्टॉप!" खालच्या मजल्यावरच्या बाई वॉचमनला वर पाठवायच्या. छाया त्याला चहा पाजून, एक डाव खेळवून परत पाठवायची. मी खेळात जिंकायचे बहुतेक वेळा, पण खेळ तिचा असायचा. ती ज्या रविवारी ड्युटीवर असेल त्या रविवारी आम्ही तिघं खेळावरून लवकर उठायचो. खेळ संपल्यासारखा वाटायचाच नाही, कोणी सांगितलाच नाही म्हणून.

श्रावणानंतर तिच्याकडे दोनच शब्द उरले. "बघ ना." पाणी हवं, बघ ना. पाय दुखतोय, बघ ना. हो, बघ ना. नाही, बघ ना. सूर वेगवेगळे, शब्द तेच. उजवा हात हळूहळू उचलतोय, पाय ओढत चालता येतं. बाकी सगळं आत आहे, असं डॉक्टर म्हणतात. तिला भेटायला जायचो तेव्हा आम्ही खुर्चीत बसून तिच्या पांघरुणाकडे बघायचो. मी फळं कापून ठेवायची. ते जमतं मला.

जुन्या बोर्डाचं संतोषनं काढलं. "आपण लहानपणी मुके खेळायचो ना, तसंच खेळू. तिला कमी वाटायचं न्हाई. सगळेच गप्प." वैशालीला पटलं. मलाही पटलं. इतकी वर्षं कामाला आलेलं कौशल्य, आता खरी गरज होती. मला तर तो अगदी व्यवहारी तोडगा वाटला. आम्ही खुणासुद्धा आठवून पक्क्या केल्या, फोनवर.

चारला छाया आली. नवरा प्रकाश तिला हाताला धरून जिना चढवत होता. नवा पंजाबी ड्रेस घातला होता, केस कोणीतरी विंचरून दिले होते, भांग वाकडा. मी तिला बोर्डासमोर बसवलं. तिनं बोर्ड ओळखला. डाव्या हातानं लाल कापडाचा खिसा चाचपला, तोंडभर हसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ ना!"

मी हसले आणि ओठावर बोट ठेवलं.

प्रकाश गॅलरीत मोबाइलवर बोलायला गेला. वैशालीनं डोळे मिटून सोंगट्या पसरल्या. संतोषनं ढकलली, मी ढकलली. टकसुद्धा नाही. आम्हाला तिघांना जुनी लय लगेच सापडली आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. वैशालीनं छायासमोर कडेवर बोट टेकवलं.

छाया बोटाकडे बघत राहिली.

वैशालीनं पुन्हा टेकवलं. छायानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग संतोषच्या, मग माझ्या. आम्ही सगळे हसतमुख, ओठ मिटलेले. तिनं स्ट्रायकर उचलला, ठेवला. तो चुकीच्या रेषेवर होता म्हणून संतोषनं हळूच कानाची पाळी ओढली. गंमत म्हणून.

"बघ ना?" तिनं विचारलं.

वैशालीनं ओठावर बोट ठेवलं. मग संतोषनं. मीही.

तिच्या समोर तीन माणसं बसली होती आणि तिघंही तिला गप्प राहायला सांगत होती. हे मला तेव्हा दिसलं, जेव्हा तिचा डावा हात बोर्डावरून फिरला. सोंगट्या फरशीवर उडाल्या, दिवाणाखाली गेल्या, एक स्वयंपाकघरापर्यंत गेली. गोधडी नव्हती तिथं. "बघ ना! बघ ना! बघ ना!" ती किंचाळत होती आणि आम्ही तिघं हात मांडीवर घेऊन बसलो होतो.

प्रकाश धावत आत आला. "काय झालं? कोणी काही बोललं का तिला?"

"नाही हो," वैशाली रडवेली झाली होती. "कोणीच काही बोललं नाही."

"मग तेच झालं," प्रकाश म्हणाला. तो चिडला नव्हता, थकलेला होता. "घरी पण तेच आहे. सगळे तिच्यासमोर हळू बोलायला लागलेत. पोरं कानात वायरी घालून बसतात. ती टीव्हीचा आवाज वाढवते, आई कमी करते, ती परत वाढवते."

"आमाला वाटलं, खुणांनी सोपं जाईल," संतोष म्हणाला. "जुन्या खुणा हायत, तिला पाठ होत्या."

"खुणाही गेल्यात, भाऊ. बोलायला शिकवायला मॅडम येतात, त्या म्हणाल्या, शब्द असतात तिथंच खुणा असतात. ऐकलेलं मात्र बरंच कळतं तिला. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आम्ही विचारलं नव्हतं. मौन पाळण्यात आम्ही पटाईत होतो, त्यात विचारायचं काय?

छाया उठली. चहा घेतला नाही. जिना उतरताना मी दुसऱ्या हाताला धरायला गेले तर तिनं हात काढून घेतला. रिक्षात बसल्यावर समोर बघत राहिली. मी आत वाकून म्हटलं, "पुढच्या रविवारी ये हं." ती माझ्याकडे वळली आणि तिनं काहीच म्हटलं नाही. ते दोन शब्दसुद्धा नाहीत.

वर येऊन आम्ही सोंगट्या गोळा केल्या. संतोष पोटावर झोपून दिवाणाखाली हात घालत होता. संध्याकाळचं ऊन फरशीवर होतं, त्यात बोरिक पावडर हवेत तरंगत होती. वैशाली म्हणाली, "आता ती यायची नाही." मला दुरुस्त करता येतात त्या गोष्टी मी करते, बाकीच्यांच्या नादी लागत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. फ्रेमच्या फटीत फेविकॉल भरला. त्याचा काही उपयोग नव्हता. हात रिकामे राहवेनात, इतकंच.

सोमवारी सकाळी युनिटवर फोन करून सांगितलं की चाकणचा माल तुम्हीच चढवा, मला उशीर होईल. आकुर्डीला छायाकडे गेले. प्रकाश ड्युटीला निघत होता. "बोलणार नाही ती आज," म्हणाला. छायाच्या सासूबाईंनी दार ओढून घ्यायची खूण केली, म्हणजे झोपलीय, हळू. मी दार ओढलं नाही. छाया भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे होते.

"छाया, मी आलेय," मी म्हटलं. मोठ्यानं. माझाच आवाज मला परका वाटला.

ती वळली नाही.

मग मी सुरू केलं. मला गोष्टी सांगता येत नाहीत. मी म्हटलं, काल चूक झाली, आमची. मग म्हटलं, चिखलीच्या चौकात सकाळी टेम्पो आडवा झाला होता, त्यातून कोबी सांडला, लोक गाड्या थांबवून कोबी उचलत होते, एक बाई तर निवडून घेत होती. म्हटलं, युनिटमध्ये एकानं परवा शंभर खोक्यांवर लेबल उलटं चिकटवलं आणि वर मला सांगतो, मॅडम, खोकं उलटं ठेवलं की सरळ दिसतं. म्हटलं, वैशालीनं नवीन खेळ आणलाय, त्यात मधमाश्या पाळायच्या असतात, नियमांचं पुस्तक चपात्यांच्या चवडीएवढं जाड आहे. म्हटलं, संतोषचं पोट दिवाणाखाली अडकलं होतं, ओढून काढावं लागलं. ते खरं नव्हतं. मी ते तिथल्या तिथं जोडलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी थांबले नाही. छायाचं तोंड भिंतीकडेच होतं. पण काही वेळानं तिनं पाय थोडे आत ओढून घेतले. पलंगाच्या कडेला एक माणूस टेकेल एवढी जागा झाली. मी टेकले आणि बोलत राहिले, मेथीचा भाव, जिन्यातला बंद दिवा, माझा गुडघा.

मग माझ्याजवळचं सगळं संपलं. एवढंच होतं माझ्याकडे. मी पाणी प्यायले, आणि टेम्पो आडवा झाला तिथपासून पुन्हा सांगायला लागले.